बॅटरीतील शिल्लक

लॅपटॉप संगणकाच्या पडद्यावर एका कोपऱ्यात बॅटरीतील शिल्लक टक्क्यांत दर्शविलेली असते. नव्या संगणकावर या आकड्याविषयी शंका घेण्याचे सहसा कारण पडत नाही. परंतु पाच-सहा वर्षे वापरलेला संगणक तीस टक्के शिल्लक दाखवीत असतानाच कधी कधी एकाएकी बंद पडतो व जतन न केलेले लिखाण नाहीसे होते. दोष बॅटरीचा की आकड्याचा, हे कळल्यावाचून नवी बॅटरी घ्यावी की नाही, हे ठरविता येत नाही.

हा आकडा प्रत्यक्ष मोजलेला नसून अनुमानाने काढलेला असतो. १९९१ साली बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीचाच उपयोग आज लॅपटॉपमध्ये होतो. तिच्यातील पूर्ण भारित घटाचा विद्युत्-दाब सामान्यतः ४.२ व्होल्ट असतो आणि घट रिकामा होईपर्यंत तो ३ व्होल्टच्या आसपास उतरतो. मधल्या दीर्घ टप्प्यात मात्र हा दाब फारच थोडा बदलतो. म्हणून बॅटरीतील एक सूक्ष्म मंडल आत गेलेल्या व बाहेर पडलेल्या विद्युत्-प्रवाहाची सतत नोंद ठेवते. कणगीत न डोकावता, घातलेल्या व काढलेल्या मापांवरून उरलेले धान्य सांगावे, तसाच हा प्रकार होय.

या हिशोबात दोन कारणांनी चूक शिरते. नोंदीतील बारीक चुका साचत जातात. शिवाय कणगीच लहान होत जाते. ऋणाग्रावर जमणाऱ्या थरात काही लिथियम कायमचे अडकून पडते आणि बॅटरीची क्षमता घटते. त्याचबरोबर घटाचा अंतर्गत रोधही वाढतो. त्यामुळे संगणकावर कामाचा ताण पडताच दाब एकदम खाली येतो व हिशोबी शिल्लक असूनही संगणक बंद पडतो.

खरी स्थिती जाणण्यासाठी मूळ क्षमता आणि सध्याची पूर्ण क्षमता हे दोन आकडे ताडून पाहावेत. विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणालींत ते पाहता येतात. मूळ क्षमता ४८ वॉट-तास आणि सध्याची ३० वॉट-तास असेल, तर बॅटरी साडेबासष्ट टक्के उरली, असे समजावे. पडद्यावरचे शंभर टक्के हे या ३० वॉट-तासांचेच असतात.

दुसरा आकडाही अनुमानाचाच असल्याने हिशोब नव्याने जुळवावा लागतो. त्यासाठी बॅटरी पूर्ण भारित करून एक-दोन तास तशीच राहू द्यावी. मग सर्व काम जतन करून, संगणक आपोआप बंद होईपर्यंत बॅटरीवरच चालवावा आणि पुन्हा न थांबता पूर्ण भारित करावा. पूर्ण रिकामे होण्याने घटाची झीज वाढते. म्हणून हा उपाय वारंवार करू नये. बॅटरी फुगलेली दिसल्यास तर तो मुळीच करू नये. तिचा वापर तत्काळ थांबवावा.

या उपायाने हिशोब सुधारतो, धान्य वाढत नाही. हिशोब जुळविल्यानंतर आकडा क्रमाने उतरू लागला, तर उरलेली क्षमता ओळखून काम करता येते. तरीही संगणक एकाएकी बंद पडत राहिला, तर दोष बहुधा आकड्याचा नसून बॅटरीचाच आहे आणि ती बदलण्याची वेळ आली आहे, असे समजावे.