भुलीच्या सुईतलं ऑरगॅनिक

नीटची तयारी करणाऱ्या मुलांच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता हमखास चिकटवलेला असतो. कॅनिझारो, अल्डॉल, सँडमायर, हॉफमन. एमबीबीएसला जायचं असो की बीडीएसला, परीक्षा एकच: १८० प्रश्न, १८० मिनिटं, त्यांतले ४५ रसायनशास्त्राचे आणि चुकलं की एक गुण वजा. रिॲक्शन पाठ होतात, पण महिन्याभरात एकमेकींत मिसळतात. मग मुलं पुन्हा तोच तक्ता घोकतात. मला याचं फार वाईट वाटतं. कारण ज्यांना पुढे दातांचे डॉक्टर व्हायचं आहे, त्यांच्या हातात रोज येणारं औषध ऑरगॅनिकच्या याच धड्यांमधून तयार होतं.

ते औषध म्हणजे लिडोकेन, दाढ काढण्याआधी हिरडीत टोचतात ते. त्याची गोष्ट स्वीडनमध्ये सुरू होते. १९३० च्या दशकात स्टॉकहोममध्ये जवाच्या रोपातल्या ग्रामिन नावाच्या संयुगावर काम चालू होतं. होल्गर एर्डट्मन यांनी प्रयोगशाळेत त्याचाच भाऊबंद, आयसोग्रामिन, बनवला, जिभेवर ठेवून पाहिला आणि जीभ बधिर झाली. (चव घेऊन पाहण्याची पद्धत तेव्हा होती, आज कुणी करू नये.) त्या धाग्यावरून निल्स लॉफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट १९४३ मध्ये लिडोकेनपर्यंत पोचले.

ते बनतं दोन पायऱ्यांत. आधी २,६-डायमिथिल ॲनिलीन आणि क्लोरोॲसिटाईल क्लोराईड एकत्र येतात. या दुसऱ्या रेणूत क्लोरीन दोन आहेत: एक कार्बोनिल कार्बनवर, दुसरा शेजारच्या कार्बनवर. ॲनिलीनच्या नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी आहे. ती कुठे जाईल? कार्बोनिल कार्बनचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजन आणि क्लोरीन असे दोघंही ओढत असतात, म्हणून टंचाई तिथेच जास्त. जोडी तिकडे धावते, तिथला क्लोरीन सुटतो आणि अमाईड बनतं. आता उरलेल्या क्लोरीनच्या कार्बनवर डायएथिल अमाईन मागच्या बाजूने येतं आणि क्लोरीनला बाहेर काढतं. हेच एसएन-टू. तक्त्यावर हे दोन वेगळे बाण असतात, पण प्रश्न दोन्हीकडे एकच: इलेक्ट्रॉन कुणाकडे आहेत आणि कुणाला हवे आहेत?

तयार रेणूत नायट्रोजन दोन. आम्लात प्रोटॉन कोणता घेईल? अमाईडच्या नायट्रोजनची जोडी कार्बोनिलकडे विखुरलेली, तो जवळजवळ काही घेत नाही. दुसरा मात्र साधा तृतीयक अमाईन. तो लगेच घेतो आणि पाण्यात विरघळणारा क्षार होतो. सुईत असतो तो हाच, हायड्रोक्लोराईड.

लिडोकेनच्या आधी, १९०५ पासून, आल्फ्रेड आइनहॉर्न यांचं प्रोकेन चालायचं. ते एस्टर. रक्तातलं एन्झाइम त्याचं चटकन जलविघटन करतं आणि त्यातून निघणाऱ्या पॅरा-अमिनो बेंझॉइक आम्लाची काहींना ॲलर्जी होते. लिडोकेनमधलं अमाईड मुळातच चिवट, वर बेंझिन वलयावरचे दोन मिथिल गट दोन्ही बाजूंनी त्याला आडोसा देतात. ‘एस्टरपेक्षा अमाईड स्थिर’ ही पुस्तकातली ओळ रुग्णाच्या अंगात अशी उतरते.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते पुढचं. दाढेला पू झाला, गाल सुजला की भुलीचं इंजेक्शन नीट लागू पडत नाही. रुग्ण म्हणतो, डॉक्टर, अजून दुखतंय. असं का? लिडोकेनचा पीकेए, म्हणजे निम्मे रेणू प्रोटॉन धरून असतात तो पीएच, ७.९. शरीराचा पीएच ७.४ असतो, तेव्हा साधारण २४ टक्के रेणू प्रोटॉनविना असतात. मज्जातंतूचं स्निग्ध आवरण ओलांडतात ते हेच. आत गेल्यावर त्यांतले बरेच पुन्हा प्रोटॉन घेतात आणि सोडियमची वाट अडवतात. सुजलेली जागा आम्लधर्मी होते. पीएच समजा ६.४ वर आला, तर मोकळे रेणू जेमतेम ३ टक्के उरतात. मुलांनी हे आकडे वहीत स्वतः काढून पाहावेत, दोन ओळींचं गणित आहे.

म्हणून अशा वेळी अनुभवी दंतवैद्य सुजलेल्या जागेत सुई घालत बसत नाहीत. मज्जातंतू जबड्यात जिथे शिरतो, तिथे सुजेपासून दूर, निरोगी ऊतीत औषध सोडतात. तिथे पीएच पुन्हा ७.४ असतो.