दुसरा अल्बम आणि पायांची साक्ष

कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात, मॅकमास्टर विद्यापीठात एक अजब सभागृह आहे. तिथे मैफलही होते आणि त्याच वेळी श्रोत्यांच्या अंगाची हालचालही मोजता येते. ‘ऑर्फेक्स’ या इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या जोडीचा कार्यक्रम तिथे झाला, तेव्हा नाचायला आलेल्या कितीतरी जणांच्या डोक्याला हालचाल टिपणारे पट्टे बांधले होते. नेहमीच्या स्पीकरांच्या जोडीला काही खास स्पीकर ठेवले होते. त्यांचा आवाज ८ ते ३७ हर्ट्झ इतका खोल. संशोधक दर अडीच मिनिटांनी ते स्पीकर गुपचूप चालू करत, पुन्हा बंद करत. ते चालू असताना लोक सरासरी ११.८ टक्के जास्त हलले. मग वेगळी चाचणी घेतली, तर हा खोल आवाज चालू आहे की बंद, हे लोकांना ओळखताच येईना! डॅनियल कॅमरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. कानाला पत्ता नाही, आणि पाय मात्र हुकूम पाळून मोकळे.

आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या मौद्याच्या माणसाला हे पटवायला प्रयोगशाळा लागत नाही. लग्नसराईत धुमालची, म्हणजे ढोल-कीबोर्डवाल्या वाजंत्र्यांची, गाडी निघाली, की दोन गल्ल्या पलीकडे घरात बसलेल्याला आधी फक्त धब-धब ऐकू येते. खिडकीचं तावदान थरथरतं, मांडणीवरचा स्टीलचा पेला दुसऱ्या पेल्याला लागून किणकिणतो. कीबोर्डवर कोणतं गाणं वाजतंय हे गाडी वळणावर आल्यावर कळतं. याचं कारण साधं आहे. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळपास सात मीटर असते, १००० हर्ट्झच्या लहरीची जेमतेम ३४ सेंटिमीटर. लांब लहरी अडथळ्याला वळसा घालतात, भिंतीलाही फारशा जुमानत नाहीत. गाण्याची चाल भिंतीबाहेर अडते, ठेका घरात शिरतो. आणि गाणं कोणतं ते कळायच्या आत चटईवर बसलेलं पोर डोलायला लागलेलं असतं.

हे सगळं आठवलं ते एका जुन्या वादामुळे. गिटारवालं रॉक, पण पायाशी नाचाचा ठेका, असं संगीत करणाऱ्या बँडचा पहिला अल्बम गाजतो. मग दुसरा येतो. ऐकणारे म्हणतात, ‘पहिल्याची सर नाही.’ जगभर, पिढ्यान्‌पिढ्या, हेच वाक्य. हे खरं असतं का? आणि असलं, तर का?

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. मुंबईचा ‘पेंटाग्राम’. गायक विशाल ददलानी, गिटारवर रॅंडॉल्फ कोरिया, बेसवर पपल माने, ड्रमवर शिराज भट्टाचार्य. पहिला अल्बम ‘वी आर नॉट लिसनिंग’ १९९६ साली आला; त्यात जोर गिटारचा. दुसरा, ‘अप’, तब्बल सहा वर्षांनी, २००२ मध्ये. मधल्या काळात विशाल यांनी शेखर रावजियानी यांच्या जोडीने हिंदी चित्रपटांना संगीत देणं सुरू केलं होतं, आणि बँडच्या आवाजात इलेक्ट्रॉनिक ठेके मुरले होते. २००५ मध्ये हे चौघं इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आले. आता ‘अप’चं माप काढायचं तर कशाशी? सहा वर्षांपूर्वीच्या गिटारशी ताडलं, तर ‘ही आपली पोरं राहिली नाहीत’ असंच वाटणार. नाचाच्या संगीताशी ताडलं, तर हिशेबच वेगळा होतो. दुसऱ्या अल्बमवरची निम्मी भांडणं मापावरून होतात, असं माझं ठाम मत आहे.

यातला सगळ्यात थक्क करणारा भाग संगीतात सापडत नाही, गणितात सापडतो. १८८६ साली फ्रान्सिस गाल्टन यांनी आईवडिलांची आणि त्यांच्या मोठ्या झालेल्या मुलांची उंची ताडून पाहिली. फार उंच आईबापांची मुलं उंच निघाली खरी, पण सरासरीने आईबापांइतकी नाहीत. फार बुटक्यांची मुलं थोडी उंच निघाली. टोकावरून मधल्याकडे, दोन्ही बाजूंनी. यात कुणाचा दोष नव्हता. रक्तात काही बिघडलं नव्हतं. जिथे जिथे निकाल थोडा गुणावर आणि थोडा योगायोगावर ठरतो, तिथे तिथे हे घडतं.

आता शंभर बँड डोळ्यांपुढे आणा. प्रत्येकाच्या पहिल्या अल्बममध्ये काही भाग कसबाचा, काही नशिबाचा: नेमका निर्माता भेटला, त्या वर्षी लोकांना तसलंच काही हवं होतं, एका रात्री एक चाल सुचून गेली. शंभरातले पाच गाजतात. हे पाच कोण? ज्यांच्यात कसब होतं आणि ज्यांचं नशीबही त्या वेळी जोरावर होतं, ते. दुसऱ्या अल्बमच्या वेळी कसब तेवढंच राहतं, नशीब मात्र नव्याने पडतं, आणि ते पुन्हा तेवढंच जोरावर पडण्याची शक्यता कमी. म्हणजे बँड तसूभरही आळशी झाला नाही, गर्व चढला नाही, पैशाने बिघडला नाही, तरी गाजलेल्यांचा दुसरा अल्बम सरासरीने थोडा खाली येणारच. उरलेल्या पंचाण्णवांपैकी कितीजण दुसऱ्या खेपेला वर चढले, ते कुणी बघतच नाही. त्यांचा पहिला कुणी ऐकलेला नसतो.

त्यात भर पडते ओळखीची. १९६८ साली रॉबर्ट झायन्स यांनी लोकांना निरर्थक शब्द आणि चिनी लिपीसारखी चिन्हं दाखवली. काही एकदाच, काही पंचवीसदा. अर्थ कशालाच नव्हता, तरी जे वारंवार दिसलं ते लोकांना जास्त चांगलं वाटलं. पहिला अल्बम तुम्ही वर्षभर ऐकलेला असतो. दुसरा आज सकाळी हातात आला. या दोघांची कुस्ती लावायची आणि दुपारी निकाल सांगायचा, हा अन्यायच आहे.

मग नाचऱ्या रॉकचा न्याय करायचा कसा? त्यासाठी ठेका उघडून पाहावा लागतो. डिस्कोपासून चालत आलेली रचना अशी: मिनिटाला सुमारे १२० ठोके, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक. माणसाच्या रोजच्या चालण्याची पावलंही साधारण याच वेगाने पडतात. प्रत्येक ठोक्यावर पायाने वाजवायचा मोठा ड्रम, आणि दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये हाय-हॅट या झांजांच्या जोडीची ‘त्स’. पाऊल खाली पडतं ते मोठ्या ड्रमवर, उचललं जातं त्या ‘त्स’वर. वर गिटार आणि बेस काय करतात, यावर सगळा खेळ. ते प्रत्येक ठोक्यावर नेमके पडले तर कवायत होते. सारखेच ठोका चुकवून पडले तर पाऊल कुठे टाकावं कळत नाही. मारिया विटेक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ड्रमचे कितीतरी तुकडे लोकांना ऐकवून विचारलं, नाचावंसं कुठे वाटतं? सगळ्यात सरळ ठेक्याला नाही, सगळ्यात गुंतागुंतीच्या ठेक्यालाही नाही, मधल्याला. आपल्या ढोलकीवाल्याला हे कुणी शिकवावं लागलं नाही. तो समेच्या थोडं आधी किंवा नंतर थाप टाकतो आणि बसल्या माणसाची मान आपोआप ती जागा भरून काढते. शरीर अंदाज बांधतं, अंदाज थोडा चुकतो, आणि तेवढ्या चुकण्यानेच ते हलायला लागतं.

हा काटा हातात घेऊन जगातल्या सगळ्यात बदनाम दुसऱ्या अल्बमकडे जाऊ. मॅंचेस्टरचे ‘स्टोन रोझेस’. पहिला अल्बम १९८९ चा. त्याच वर्षाच्या शेवटी ‘फूल्स गोल्ड’ हे जवळपास दहा मिनिटांचं गाणं: जुन्या अमेरिकी फंकच्या वळणाचा ठेका, त्यावर रेनीचे ड्रम आणि मॅनीचा बेस, गाणारा आवाज जवळजवळ कुजबुजीचा. रॉकच्या पोरांना नाचघरात नेणाऱ्या गाण्यांत ते मोजलं जातं. मग कंपनीशी कोर्टकचेरी, नवी कंपनी, आणि दुसरा अल्बम थेट डिसेंबर १९९४ मध्ये. नाव ‘सेकंड कमिंग’. (मुंबईच्या ‘रॉक मशीन’ने आपल्या दुसऱ्या अल्बमला जवळजवळ हेच नाव चार वर्षं आधी, १९९० मध्ये दिलं होतं, हे आपल्याकडे फार थोड्यांना आठवतं.)

‘सेकंड कमिंग’चं पहिलंच गाणं अकरा मिनिटांहून लांब, आणि त्यातली पहिली चार-एक मिनिटं पाण्याचे, रानाचे आवाज. पाच वर्षं वाट पाहिलेल्यांना आणखी ताटकळत ठेवलं. पुढे बहुतेक गाणी जॉन स्क्वायरच्या गिटारभोवती फिरतात. ब्लूजच्या वळणाची, जड, देखणी. परीक्षकांनी नाक मुरडलं. मी कान बाजूला ठेवून हा अल्बम पायांनी ऐकला, तेव्हा मला दुखणं स्पष्ट दिसलं: ड्रम आणि बेस अजूनही जगातल्या उत्तमांपैकी आहेत, पण गिटार त्यांना जागा देत नाही. ती मधली फट भरून गेली आहे. अपवाद एका गाण्याचा, ‘बेगिंग यू’. तिथे गिटार स्वतःच ठेक्याचा तुकडा होऊन फिरत राहते, आणि पाय लगेच साक्ष देतात. हा अल्बम वाईट नाही. तो नाचणं सोडून दिलेल्या बँडचा चांगला गिटार-अल्बम आहे, आणि हे दोन वेगळे निकाल आहेत.

उलटंही घडतं, कारण सरासरीचा नियम एकट्या बँडला बांधून ठेवत नाही. त्याच शहरातल्या ‘न्यू ऑर्डर’चा १९८१ चा पहिला अल्बम ‘मूव्हमेंट’ लोकांना थंड वाटला. त्यावर याच मंडळींच्या आधीच्या ‘जॉय डिव्हिजन’ या बँडची आणि त्याच्या वारलेल्या गायकाची सावली होती. १९८३ मध्ये आधी ‘ब्लू मंडे’ आलं, मिनिटाला १३० च्या आसपास ठोके आणि ड्रम मशीनची ती अडखळती सुरुवात, आणि पाठोपाठ दुसरा अल्बम, ‘पॉवर, करप्शन अँड लाइज’. माझ्या लेखी तो पहिल्यापेक्षा कितीतरी वरचा. त्यांनी यंत्राचा ठेका आणि पीटर हूकचा गाणारा बेस यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवली.

तेव्हा कोणत्याही आवडत्या बँडचा दुसरा अल्बम हाती आला, तर एवढं करा. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकू नका. ५० हर्ट्झ त्यातून निघतच नाही, म्हणजे ज्याचा न्याय करायचा तेच कापलं जातं. चांगले हेडफोन लावा, नाहीतर ओळखीच्या साउंडवाल्याकडे एक संध्याकाळ जा. उभं राहून ऐका. आठवडाभर रोज ऐका, आणि तोवर पहिला अल्बम लावू नका. मग मत द्या.