कोवळ्या घोड्यावर पहिलं खोगीर

घोडा हा मुळात शिकार होणारा प्राणी. हिंस्र जनावर झडप घालतं ते त्याच्या पाठीवर. म्हणून पाठीवर अचानक आलेल्या ओझ्याने तो जीव खाऊन उधळतो. पूर्वी घोड्याला बांधून, दमवून त्याचा प्रतिकार मोडत. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या टॉम डोरन्स आणि रे हंट यांनी विसाव्या शतकात वेगळी, समजुतीची पद्धत रुजवली.

तिचं मर्म म्हणजे दाब आणि सुटका. दोरीला हलका ताण द्यायचा; घोड्याने त्या दिशेला नुसतं अंग झुकवलं तरी ताण त्याच क्षणी सोडायचा. घोडा शिकतो तो ताणाने नव्हे, सुटकेने. सोडायला उशीर झाला की तो भलतंच शिकतो. माझ्या मते सारं कसब ही वेळ साधण्यातच आहे.

आधी गोल रिंगणात मोकळं फिरवतात. माणसाकडे कान वळला, मान खाली आली, की अंगावरून दोरी, कापड, मग खोगीर. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा, हळूहळू आवळायचा. स्वार प्रथम पोटावर आडवा झुकतो आणि उतरतो, तेही दोन्ही बाजूंनी. कारण डावीकडून सवयीची झालेली गोष्ट उजवीकडून दिसली तरी घोडा बिचकू शकतो.

घोड्याच्या मणक्यांची वाढ साधारण 5 ते 6 वर्षांपर्यंत चालते. तिसऱ्या वर्षी सुरुवात केली तरी स्वारी थोडाच वेळ हवी. एका दुपारीत घोडा तयार करून देतो म्हणणाऱ्याच्या हाती आपलं शिंगरू देऊ नका.