कट्ट्यावर आपण कोण असतो?

डॅनिश वास्तुरचनाकार यान गेल यांनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात घराबाहेरच्या वावराचे तीन प्रकार सांगितले: गरजेचा, आवडीचा आणि माणसामाणसांतला. कामावर जायचंच असतं. रस्ता कसाही असो, आपण जातो. पण रेंगाळणं, टेकणं हे जागा बरी असेल तरच घडतं, आणि ओळखीपाळखी, गप्पा बहुतेक त्यातूनच होतात. दादरचं शिवाजी पार्क घ्या. मैदानाभोवतीचा तो बुटका कट्टा! तिथे बसायला काही विकत घ्यावं लागत नाही. मॉलमध्ये आपण गिऱ्हाईक असतो, कट्ट्यावर नागरिक. म्हणून फुटपाथ अरुंद होतो, तेव्हा नुसतं चालणंच अवघड होत नाही. थांबणंही संपतं, आणि अनोळखी माणसाशी बोलायची आपली सवयच मोडते.