वातावरणाचा ठाव घेणारे अग्निबाण

समुद्राचा ठाव घ्यावयाचा झाल्यास खलाशी दोरीला शिसे बांधून ती पाण्यात सोडतो. वातावरणाचा ठाव मात्र वर चढूनच घ्यावा लागतो. बलून सुमारे ४० किलोमीटरांपर्यंत पोहोचतात. उपग्रह दीडशे किलोमीटरांच्या खाली फार काळ टिकत नाही. मधल्या पट्ट्यात उपकरण नेऊ शकतो तो अग्निबाणच, आणि तोही काही मिनिटांपुरता.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतून आणलेल्या सुट्या भागांतून अमेरिकनांनी न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे व्ही-२ अग्निबाण जुळविले. बंदिवानांच्या हातून, शहरे उद्ध्वस्त करण्यासाठी घडविलेले हे अस्त्र! त्याच्या नाकात स्फोटकांच्या जागी आता उपकरणे बसली. नौदल संशोधन प्रयोगशाळेतील रिचर्ड टाउझी व त्यांचे सहकारी यांना सूर्याच्या जंबुपार किरणांचा वर्णपट हवा होता. सुमारे २९०० अँगस्ट्रॉमपेक्षा आखूड तरंगलांबीचे हे किरण ओझोन शोषून घेतो. त्यामुळे भूमीवरील कोणत्याही दुर्बिणीस ते दिसत नाहीत.

२८ जून १९४६ रोजी वर्णपटलेखक नाकात घेऊन अग्निबाण उडाला. चढण उत्तम साधली; घात झाला तो उतरताना. निमुळता अग्निबाण नाकावर अशा वेगाने आदळला की वाळवंटात प्रचंड खड्डा पडला, आणि तो खणूनही फिल्म हाती लागली नाही.

मग उतरत्या अग्निबाणाचे नाक हवेतच स्फोटाने तोडण्याची युक्ती योजण्यात आली. नाक तुटले की तोल गेलेले धड गिरक्या खात, पुष्कळ मंद गतीने खाली येते. वर्णपटलेखकही नाकातून हलवून शेपटाच्या पंखात बसविला गेला. फिल्म पोलादी डबीत गुंडाळली जाई. १० ऑक्टोबर १९४६ रोजीच्या उड्डाणानंतर पंख सापडला, डबी सापडली आणि आतील फिल्म शाबूत निघाली. अग्निबाण जसजसा वर गेला तसतसा वर्णपट जंबुपार बाजूस लांबत गेलेला तीत स्पष्ट दिसत होता. ५५ किलोमीटरांवर तो सुमारे २२०० अँगस्ट्रॉमपर्यंत पोहोचला. कोणत्या उंचीवर किती ओझोन आहे, याचा हिशेबही याच पट्ट्यांवरून मांडता आला.

व्ही-२ चा साठा मर्यादित होता, आणि हलक्या उपकरणांसाठी १४ मीटर उंचीचे ते धूड उडविणे म्हणजे उधळपट्टीच. म्हणून संशोधनासाठीच 'एरोबी' हा लहान अग्निबाण घडविण्यात आला. पुढे २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून अमेरिकेचा 'नाइके-अपाचे' उडाला. चुंबकीय विषुववृत्त या गावाजवळून जाते. त्या सायंकाळी अग्निबाणाने सोडियमची वाफ सोडली. मावळलेल्या सूर्याच्या प्रकाशात तो पिवळसर नारिंगी ढग आकाशात चमकू लागला, आणि त्याच्या सरकण्यावरून त्या उंचीवरील वाऱ्यांचा वेध घेता आला.