स्कलीला कुणी विचारलंच नाही!

नव्वदच्या दशकात घरोघरी केबल आली तेव्हा ‘द एक्स-फाइल्स’ ही अमेरिकन मालिका आपल्याकडेही दिसायची. परग्रहवासी, सरकारी कारस्थानं, अंधारात बॅटऱ्या घेऊन फिरणारे दोन एफबीआय अधिकारी. इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं, तरी पाहायचो आपण. कारण त्यातली डॉ. डेना स्कली! मालिकेतला पुरुष, म्हणजे मल्डर, भुताखेतांवर विश्वास ठेवणारा आणि बाई पुरावा मागणारी. शवविच्छेदन करणारी, साध्या कोटात वावरणारी, कुणाची बायको किंवा वहिनी नसलेली बाई पडद्यावर तेव्हा कुठे दिसायची, सांगा बरं?

मैत्रिणींनो, हिचा परिणाम नुसता करमणुकीपुरता नव्हता. २०१८ साली अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत विज्ञान-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या ६३ टक्के स्त्रियांनी स्कली आपला आदर्श असल्याचं सांगितलं. तिकडे याला ‘स्कली इफेक्ट’ असंच नाव पडलंय.

आणि त्याच २०१८च्या ३ जानेवारीला अकराव्या पर्वाचा पहिला भाग आला, ‘माय स्ट्रगल ३’. लेखन आणि दिग्दर्शन, दोन्ही मालिकेचे जनक ख्रिस कार्टर यांचं. निम्माअधिक भाग स्कली दवाखान्याच्या खाटेवर. आधीच्या भागात जगभर आलेली भयंकर साथ म्हणजे तिला दिसलेलं दृश्य होतं म्हणे! इथवर चालवून घेतलं असतं हो. शेवटी मात्र सिगारेट ओढणारा तो म्हातारा खलनायक स्कलीच्या वरिष्ठाला, स्किनरला, गाडीत बसून सांगतो की स्कलीचा मुलगा विल्यम मल्डरचा नाहीच. सतरा वर्षांपूर्वी तिच्या नकळत, विज्ञानाच्या साहाय्याने आपणच ते मूल तिच्या पोटात वाढवलं!

आधीची गोष्ट माहीत असेल तर हे जास्तच टोचतं. स्कलीचं अपहरण झालं, तिची स्त्रीबीजं काढून घेतली गेली, कॅन्सर झाला, मूल होणार नाही असं कळलं. तरी मूल झालं आणि त्याच्या सुरक्षेसाठी ते दत्तक द्यावं लागलं. एवढं सोसलेल्या बाईच्या शरीराचं रहस्य उलगडतं ते दोन पुरुषांच्या बोलण्यात. तिला त्या भागात पत्तासुद्धा नाही. ‘विज्ञानाच्या साहाय्याने’ म्हटलं की गुन्हा सौम्य होतो का? वस्तीत आरोग्याचं काम करताना ‘सही कर म्हणाले, केली’ असं सांगणाऱ्या बायका मला भेटतात. पोटावरची खूण कशाची, हेही काहींना सांगता येत नाही. त्यामुळे मला तरी ही कलाटणी निव्वळ गंमत वाटत नाही.

हे असं का झालं असावं? २०१७ साली बातमी आली होती की तोवरच्या २०७ भागांपैकी फक्त दोन भाग स्त्रियांनी दिग्दर्शित केलेत. त्यातला एक खुद्द स्कलीचं काम करणाऱ्या जिलियन अँडरसन यांचा. त्यांनीही जाहीरपणे नाराजी बोलून दाखवली. २०१६ला मालिका परतली तेव्हा त्यांना आधी सहकलाकाराच्या निम्मंच मानधन देऊ केलं होतं, हेही त्यांनीच सांगितलेलं. एमी पुरस्कार मिळवलेली नायिका बरं का ही! टीका झाल्यावर मात्र अकराव्या पर्वात काही लेखिका आणि दोन दिग्दर्शिका आल्या. त्यातला दोघींनी मिळून लिहिलेला सातवा भाग जरूर बघा. टीप दिली नाही म्हणून चिडलेली यंत्रं मल्डर-स्कलीच्या मागे लागतात, संवाद जवळजवळ नाहीतच. मजा येते.

२१ मार्च २०१८चा शेवटचा भाग पुन्हा कार्टर यांचाच. त्यात स्कली म्हणते की विल्यम हा एक प्रयोग होता, मी त्याला नऊ महिने वाढवलं, पण त्याची आई नव्हतेच. लगेच पुढच्या वाक्यांत ती पुन्हा गरोदर असल्याचं कळतं आणि मालिका संपते. अँडरसन यांनी हे आपलं शेवटचं पर्व असल्याचं आधीच सांगून टाकलं होतं. असाच शेवट करायचा होता, तर निदान एकदा तरी स्कलीला मनसोक्त संतापू द्यायचं होतं.