‘जाणूनबुजून’ या शब्दाचा आडोसा

६ फेब्रुवारी २०२५. राज्यसभेच्या पत्रकार कक्षात त्या दिवशी नेहमीपेक्षा अधिक दाटी होती. आदल्याच दिवशी अमेरिकी हवाई दलाचे एक मालवाहू विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले होते. हातांत बेड्या आणि पायांत साखळ्या, अशा अवस्थेत त्यांचा प्रवास झाला होता. हरियाणा, गुजरात आणि पंजाब या राज्यांतील लोकांचा त्यांत मोठा भरणा होता. महाराष्ट्राचेही तिघे होते. विरोधी खासदारांनी संसदेच्या आवारात हातांत बेड्या घालून निदर्शने केली. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी सभागृहात निवेदन केले. अशी पाठवणी नवी नाही, २००९ पासूनची वर्षवार आकडेवारी उपलब्ध आहे आणि बेड्या घालण्याची पद्धत २०१२ पासून अमेरिकी यंत्रणेच्या नियमावलीत आहे, असा त्याचा आशय होता.

त्या दिवसाची टिपणवही पुन्हा चाळली, तेव्हा तीत बेड्यांविषयी पुष्कळ सापडले, एजंटांविषयी सापडले, ‘डंकी’ मार्गाविषयी आणि राष्ट्राच्या मानापमानाविषयीही सापडले. एका घटकाचा उल्लेख मात्र कोठेच आढळला नाही. शेत गहाण टाकून, लाखो रुपयांचे कर्ज काढून, जंगले आणि वाळवंटे तुडवत माणूस निघतो, तो पलीकडे कोणीतरी काम देणार आहे या खात्रीने. हे काम देणारा कोण आणि त्या देशाचा कायदा त्याच्याशी कसा वागतो? अवैध स्थलांतराच्या चर्चेत हा प्रश्न बहुधा शेवटच्या बाकावर बसतो. तो तेथे आपोआप जाऊन बसलेला नाही. त्याला तेथे बसवण्याची व्यवस्था कायद्यानेच केलेली आहे.

आसरा देणे गुन्हा, काम देणे नव्हे

या व्यवस्थेचा मूळ नमुना १९५२ चा आहे. त्या वर्षी अमेरिकी काँग्रेसने विनापरवाना आलेल्या परदेशी नागरिकाला आसरा देणे, लपवणे, त्याची वाहतूक करणे हा गंभीर गुन्हा ठरवला. पण त्याच कायद्यात एक पुस्ती जोडण्यात आली: अशा व्यक्तीला नोकरी देणे आणि नोकरीच्या अनुषंगाने येणाऱ्या सोयी पुरवणे म्हणजे ‘आसरा देणे’ मानले जाणार नाही. टेक्सासमधील शेतमालकांच्या आग्रहाने आलेली ही पुस्ती ‘टेक्सास प्रोव्हायझो’ म्हणून ओळखली जाते. अर्थ सरळ होता. माळ्यावर लपवले तर तुरुंग. दिवसभर शेतात राबवले तर काहीच नाही. दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, मेक्सिकन मजुरांना हाकलण्याची प्रचंड मोहीम राबवण्यात आली. मजूर सीमेपार गेले आणि मालक जागच्या जागी राहिले.

ही विसंगती चौतीस वर्षे टिकली. अखेर ६ नोव्हेंबर १९८६ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी ज्या कायद्यावर स्वाक्षरी केली, त्याने प्रथमच मालकाला दंडाच्या कक्षेत आणले. तो कायदा म्हणजे एक सौदा होता. आधीपासून देशात असलेल्यांना वैध दर्जा द्यायचा आणि यापुढे विनापरवाना मजूर ठेवणाऱ्याला शिक्षा करायची. सौद्याच्या पहिल्या भागाची अंमलबजावणी झाली आणि सुमारे २७ लाख लोकांना वैधता मिळाली. दुसऱ्या भागात मात्र मसुदा लिहिणाऱ्यांनी अशी मेख मारून ठेवली, की ती आजतागायत निघालेली नाही.

ती मेख म्हणजे एक शब्द: ‘जाणूनबुजून’. मालकाने जाणूनबुजून अवैध मजूर ठेवला असेल तरच तो दोषी. मालकाने जाणून घ्यायचे कसे? उमेदवाराने ओळख आणि परवाना दर्शवणारी कागदपत्रे दाखवायची आणि मालकाने ‘आय-९’ नावाचा अर्ज भरायचा. कागदपत्र वरकरणी खरे वाटले की मालकाचे कर्तव्य संपले. उलट संशयापोटी अधिक कागद मागितले, तर वंश वा राष्ट्रीयतेवरून भेदभाव केल्याचा ठपका येऊ शकतो. ही दुसरी बाजू काल्पनिक नव्हती. मालकांवरील दंडाच्या भीतीने परकी दिसणाऱ्या, परक्या उच्चारात बोलणाऱ्या वैध उमेदवारांनाच डावलले जात असल्याचा निष्कर्ष काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेने १९९० मध्ये काढला होता. म्हणजे कायद्याने अवैध मजूर ठेवणाऱ्याला पळवाट दिली आणि वैध मजुराला शिक्षा!

सवलती एवढ्यावरच थांबत नाहीत. कागदपत्रांच्या तपासणीपूर्वी मालकाला कामकाजाच्या तीन दिवसांची पूर्वसूचना मिळते. उघड्या शेतात शिरण्यासाठी अधिकाऱ्यांना वॉरंट किंवा मालकाची संमती लागते, ही तरतूदही १९८६ च्या त्याच कायद्यातली. पहिल्या गुन्ह्यासाठी मूळ दंड प्रत्येक मजुरामागे २५० ते २००० डॉलर. नंतरच्या काळात रकमा वाढल्या, पण मोठ्या कंपनीच्या हिशेबात तो धंद्याचा किरकोळ खर्च ठरावा, इतपतच. शिवाय कंत्राटदाराचे मजूर हे मूळ कंपनीचे नोकर नसल्याने त्यांच्या कागदपत्रांची जबाबदारीही तिची नसते. या रचनेत कंत्राटदार हा नुसता मजूर पुरवणारा राहत नाही, तो मालकाचे अज्ञानही पुरवतो.

एक शब्द, दोन न्याय

‘जाणूनबुजून’ या शब्दाचे वजन माणूस पाहून कसे बदलते, याचे उदाहरण आयोवा राज्यातील पोस्टव्हिल या छोट्या गावाने दिले. १२ मे २००८ रोजी तेथील मांसप्रक्रिया कारखान्यावर छापा पडला आणि ३८९ कामगार पकडले गेले. त्यांत ग्वाटेमालाचे लोक बहुसंख्य होते. पूर्वी अशा कामगारांना थेट मायदेशी पाठवत. येथे त्यांच्यासमोर पर्याय ठेवण्यात आला: खोटी ओळख वापरल्याचा सौम्य गुन्हा कबूल करून पाच महिने तुरुंगात जा, अन्यथा किमान दोन वर्षांची सक्तीची शिक्षा असलेल्या ओळखचोरीच्या आरोपाला तोंड द्या. गुरांच्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या मैदानात तात्पुरते न्यायालय भरले आणि काही दिवसांत सुमारे २७० जणांना पाच-पाच महिन्यांची शिक्षा झाली.

पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात असा निर्णय दिला, की वापरलेला क्रमांक खऱ्याखुऱ्या दुसऱ्या व्यक्तीचा आहे हे आरोपीला ठाऊक होते, असे सिद्ध झाल्याशिवाय ओळखचोरीचा तो गंभीर गुन्हा ठरतच नाही. म्हणजे त्या कायद्यातही ‘जाणूनबुजून’ हा शब्द होता. मजुराच्या बाबतीत तो वाचण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. निकाल आला तोवर पोस्टव्हिलचे कामगार शिक्षा भोगून चुकले होते. कारखान्याचे प्रमुख शोलोम रुबाश्किन यांच्यावरही खटला झाला आणि त्यांना २७ वर्षांची शिक्षा झाली. पण ती बँकेची फसवणूक केल्याबद्दल. अवैध मजूर ठेवल्याचे आरोप सरकारने त्यानंतर मागे घेतले. डिसेंबर २०१७ मध्ये अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यांची उर्वरित शिक्षा माफ केली.

हा अपवाद म्हणावा, तर आकडे साथ देत नाहीत. सिराक्यूज विद्यापीठातील एका संशोधन केंद्राने सरकारी नोंदींवरून हिशेब मांडला. एप्रिल २०१८ ते मार्च २०१९ या बारा महिन्यांत, म्हणजे अवैध स्थलांतराविरुद्ध रणशिंग फुंकले गेले होते अशा काळात, संपूर्ण अमेरिकेत जाणूनबुजून अवैध मजूर ठेवल्याबद्दल अवघ्या ११ व्यक्तींवर खटले भरले गेले. कंपनी एकही नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मिसिसिपीतील कोंबडी-प्रक्रिया कारखान्यांतून एका दिवसात ६८० कामगार पकडण्यात आले. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपल्याकडची. तिचा प्रयोग मात्र सातासमुद्रापलीकडे इतक्या निष्ठेने चालतो.

कांदा आणि लोकप्रतिनिधी

यंत्रणेने क्वचित मालकाकडे मोर्चा वळवलाच, तर काय होते? मे १९९८ मध्ये जॉर्जिया राज्यातील व्हिडेलिया भागात कांदाकाढणी ऐन भरात असताना अधिकाऱ्यांनी शेतांवर छापे घातले. मजूर पांगले, कांदा जमिनीतच राहिला. तेव्हा त्या राज्याच्या लोकप्रतिनिधींनी पक्षभेद विसरून केंद्रीय अधिकाऱ्यांकडे तक्रार केली. ती अवैध मजुरांविरुद्ध नव्हती, शेतकऱ्यांचा विचार न करणाऱ्या छाप्यांविरुद्ध होती! छापे थांबले, कांदा निघाला. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्लीत कांद्याने एक राज्य सरकार घालवले होते, हे येथील वाचकांना आठवत असेल. कांद्यापुढे तत्त्वे टिकत नाहीत, हा धडा दोन्ही लोकशाहींना एकाच वर्षी मिळाला.

सत्तावीस वर्षांनी तोच प्रवेश मोठ्या रंगमंचावर झाला. जून २०२५ मध्ये ट्रम्प यांनी जाहीरपणे कबूल केले, की कठोर कारवाईमुळे शेती आणि हॉटेल व्यवसायातील चांगले, जुने कामगार हिरावले जात आहेत. लगोलग शेते, उपाहारगृहे आणि हॉटेले यांवरील छापे थांबवण्याचे आदेश गेले; टीका होताच काही दिवसांत ते फिरवण्यात आले. अमेरिकेतील शेतमजुरांपैकी सुमारे ४० टक्के विनापरवाना आहेत, हे खुद्द सरकारी पाहणी सांगते. एवढ्या मोठ्या संख्येला ‘नजरचूक’ म्हणता येत नाही. ते धोरणच असते, फक्त लिहून ठेवलेले नसते.

मंत्र्यांच्या घरातला प्रश्न

या दुटप्पीपणाला एक घरगुती बाजू आहे. जानेवारी १९९३ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी झोई बेअर्ड यांना अॅटर्नी जनरल पदासाठी, म्हणजे देशाच्या कायदा-अंमलबजावणीच्या सर्वोच्च खुर्चीसाठी, निवडले. त्यांनी मुलाच्या सांभाळासाठी आणि वाहनचालक म्हणून एका विनापरवाना पेरूव्हियन दांपत्याला कामावर ठेवले होते आणि त्यांचा सामाजिक सुरक्षा कर भरलेला नव्हता. जनक्षोभ उसळला आणि त्यांनी माघार घेतली. पुढचे नाव किंबा वुड या न्यायाधीशांचे. त्यांनी सांभाळणारी बाई ठेवली, तेव्हा तसे करणे बेकायदा नव्हते. करही भरला होता. तरीही त्यांना बाजूला व्हावे लागले. अखेर पद मिळाले ते जॅनेट रीनो यांना, ज्यांच्या घरी सांभाळायला मूल नव्हते. २००१ मध्ये लिंडा चावेझ, २००४ मध्ये बर्नार्ड केरिक आणि २०१७ मध्ये अँड्र्यू पझडर यांच्या उमेदवाऱ्या मागे घेतल्या गेल्या, तेव्हाही घरातील नोकरांचे असेच प्रकरण वादात होते. पण २०१७ मध्येच विल्बर रॉस यांनी आपल्याकडील एका घरकामगाराकडे कागदपत्रे नसल्याचे उघड केले, त्याला कामावरून काढले आणि ते सुखेनैव वाणिज्यमंत्री झाले. नियम एकच, निकाल मात्र व्यक्तीगणिक, आणि बाईचे घर झडतीला आधी.

या कथांत ज्यांच्यामुळे पद गेले त्यांची नावे इतिहासाला ठाऊक आहेत. ज्यांनी मुले सांभाळली, त्यांची विचारपूस फार थोड्यांनी केली. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले, की संघटना बांधण्याच्या प्रयत्नाबद्दल बेकायदा काढून टाकलेल्या विनापरवाना कामगाराला बुडालेल्या वेतनाची भरपाई मिळणार नाही. काढणे बेकायदा, पण त्याची किंमत शून्य. अशा मजुराइतका स्वस्त आणि मुका मजूर दुसरा कोणता? कायदा त्याला नको म्हणतो आणि त्याच श्वासात त्याला मालकासाठी अधिक हवासा करून ठेवतो.

आपल्या उंबरठ्याशी

हे सारे लांबचे आहे, असे दिल्लीत बसून म्हणणे सोपे आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून आपल्याकडे नवा स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला. पारपत्राविना प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. हॉटेले, शिक्षणसंस्था, रुग्णालये यांच्यावर माहिती देण्याची जबाबदारी आहे. त्याच वर्षी जुलैत शेजारच्या गुरुग्राममध्ये बांगलादेशी असल्याच्या संशयावरून बांगलाभाषक कामगारांची धरपकड झाली. त्यांत पश्चिम बंगाल आणि आसामचे भारतीय नागरिकही सापडले. भीतीने वस्त्या रिकाम्या झाल्या, तेव्हा उंच इमारतींमधील कचरा दारात साचला आणि कामाला बाई नाही म्हणून घरोघरी त्रेधा उडाली. जूनमध्ये तर मुंबई परिसरातून पकडलेले बंगालचे काही भारतीय मजूर सीमेपार ढकलले गेले आणि मग परत आणावे लागले. बाहेरगावी जाऊन राबणाऱ्या आणि ज्याच्या त्याच्या भाषेवरून ओळखल्या जाणाऱ्या माणसाची भीती महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नसावी.

या धरपकडीत मजुराचे आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, बोलण्याची ढब, सारे तपासले गेले. त्याला कमी मजुरीत राबवणारा कंत्राटदार, त्याला कंत्राट देणारी कंपनी आणि त्या कंपनीच्या इमारतीत राहणारे आपण, यांची तपासणी कोणी केली नाही. राज्याला सीमा राखण्याचा अधिकार आहेच आणि परदेशी नागरिकाने परवान्याविना राहू नये, ही अपेक्षाही रास्त आहे. पण व्यवहाराला दोन बाजू असतील, तर कायद्यालाही दोन डोळे हवेत. मजुराकडे कागद मागायचा असेल, तर मालकाकडे हजेरीपट, वेतनचिठ्ठी आणि कंत्राट मागायला हवे. मजूर अवैध ठरला तरी केलेल्या कामाचे दाम त्याला मिळायलाच हवे; कारण ते बुडवता येते, तोवर त्याला ठेवण्याचा मोह सुटणार नाही.

अमृतसरला उतरलेल्या त्या १०४ जणांना आपापल्या गावी पोहोचवण्यात आले. त्यांच्यामागे कर्ज उरले. त्यांना नेणाऱ्या एजंटांचा शोध सुरू झाला. पलीकडे मात्र सुगीचे दिवस येतात तेव्हा हात लागतातच आणि ते कोणाचे, हे जाणून न घेण्याची मुभा कायद्याने ठेवलेली आहे. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात. येथे मांजराचे डोळे मिटण्याचे काम खुद्द कायदेमंडळाने केले आहे. पुढच्या वेळी असे विमान उतरेल आणि सभागृहात बेड्यांवरून गदारोळ माजेल, तेव्हा एखाद्या सदस्याने एवढेच विचारावे: बेड्या पाहिल्या, पण काम कोण देणार होते?